शालेय मुलांचा शारीरिक तोल

शारीरिक तोल म्हणजे उभे असताना, चालताना, धावताना किंवा उडी मारून जमिनीवर येताना शरीर न पडता हव्या त्या स्थितीत ठेवण्याची क्षमता होय. शालेय वयात, म्हणजे साधारणपणे ६ ते १६ वर्षांच्या काळात, या क्षमतेत मोठे बदल घडून येतात. वय, उंची, वजन, लिंग, स्नायूंची ताकद, दृष्टी, अंतःकर्णाचे आरोग्य आणि सराव अशा अनेक घटकांचा तिच्यावर प्रभाव पडतो. त्यांपैकी वजन आणि लिंग या दोन घटकांचा अभ्यास विशेष प्रमाणात झालेला आहे. वाजवीपेक्षा जास्त वजन असलेल्या मुलांना तोलाच्या बहुतेक चाचण्यांमध्ये सरासरीने कमी गुण मिळतात, तर प्राथमिक शाळेच्या वयात मुली स्थिर उभे राहण्याच्या चाचण्यांमध्ये मुलग्यांपेक्षा काहीशा पुढे असतात, असे या अभ्यासांतून सामान्यतः आढळते. मात्र हे दोन्ही फरक सरासरीचे आहेत. एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा तोल कसा असेल, हे केवळ वजन किंवा लिंग पाहून सांगता येत नाही. शिवाय सरावाने तो सुधारतो.

तोलाचे स्वरूप

शरीराचे सर्व वजन ज्या एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते, त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात. सरळ उभ्या असलेल्या प्रौढ माणसाचा गुरुत्वमध्य ओटीपोटाच्या पातळीवर, माकडहाडाच्या वर असलेल्या त्रिकास्थीच्या किंचित पुढे असतो. दोन्ही पावले आणि त्यांच्यामधली जागा मिळून जे क्षेत्र होते, ते आधारक्षेत्र होय. गुरुत्वमध्यापासून सरळ खाली काढलेली रेषा आधारक्षेत्राच्या आत पडते, तोवर स्थिर उभे असलेले शरीर पडत नाही. पाय फाकवून उभे राहिल्यास आधारक्षेत्र वाढते व तोल सांभाळणे सोपे जाते. एका पायावर उभे राहिल्यास ते एका पावलापुरते उरते आणि काम अवघड होते.

लहान मुलांचे डोके व धड पायांच्या मानाने मोठे असते. जन्मतः डोक्याची उंची शरीराच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. प्रौढपणी ती सुमारे एक अष्टमांशापर्यंत कमी होते. त्यामुळे लहान मुलांचा गुरुत्वमध्य त्यांच्या उंचीच्या मानाने वर असतो. वय वाढते तसे पाय लांब होतात आणि गुरुत्वमध्य उंचीच्या तुलनेत खाली सरकतो.

तोलाचे दोन प्रकार मानले जातात. जागेवर उभे राहून शरीर स्थिर ठेवणे हा स्थिर तोल, तर चालणे, धावणे, वळणे, उडी मारणे अशा हालचाली चालू असताना शरीर सावरणे हा गतिमान तोल. एका प्रकारात चांगले असलेले मूल दुसऱ्या प्रकारातही तितकेच चांगले असेलच असे नाही. म्हणून एकाच चाचणीवरून मुलाच्या तोलाविषयी निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही.

तोल सांभाळणारी यंत्रणा

पूर्णपणे स्थिर उभा असलेला माणूस प्रत्यक्षात सतत किंचित झुलत असतो. हे झुलणे डोळ्यांना सहसा दिसत नाही. शरीर थोडे पुढे कलले की पोटऱ्यांचे स्नायू ते मागे खेचतात, थोडे मागे गेले की नडगीपुढचे स्नायू ते पुढे आणतात. ही दुरुस्ती अखंड चालू असते व तिच्यासाठी मेंदूला तीन मार्गांनी माहिती मिळते.

पहिला मार्ग दृष्टीचा. आजूबाजूच्या स्थिर वस्तूंच्या तुलनेत आपले शरीर कोठे आहे, हे डोळे सांगतात. दुसरा मार्ग अंतःकर्णाचा. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतील द्रव हलतो आणि वळण्याची दिशा व गती मेंदूला कळते. त्यांच्या शेजारच्या दोन लहान पिशव्यांमधून डोक्याचा कल आणि सरळ रेषेतील हालचाल समजते. अंतःकर्णाच्या या कार्यावरील संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. तिसरा मार्ग स्नायू, सांधे आणि तळपायांच्या त्वचेतील संवेदनांचा. घोटा किती वाकला आहे, पावलाच्या कोणत्या भागावर भार आहे, ही माहिती या मार्गाने मिळते. लहान मेंदू या सर्व माहितीचा मेळ घालण्यात आणि स्नायूंच्या हालचाली नेमक्या करण्यात महत्त्वाची भूमिका बजावतो.

डोळे मिटून एका पायावर उभे राहिले की यांतील एक मार्ग बंद होतो आणि झुलणे लगेच वाढते. याच तत्त्वावर आधारलेली, पाय जुळवून डोळे मिटून उभे राहण्याची चाचणी एकोणिसाव्या शतकातील जर्मन वैद्य मोरिट्झ रॉमबर्ग यांच्या नावाने ओळखली जाते.

वयानुसार विकास

तीन मार्गांनी येणारी माहिती वापरण्याची क्षमता एकाच वेळी परिपक्व होत नाही. स्नायू व सांध्यांकडून येणाऱ्या माहितीचा उपयोग मुले लवकर करू लागतात. दृष्टी आणि अंतःकर्ण यांच्याकडून येणाऱ्या माहितीचा प्रौढांसारखा वापर मात्र पौगंडावस्थेपर्यंत विकसित होत राहतो. या माहितींमध्ये विसंगती आल्यास कोणत्या मार्गावर विश्वास ठेवायचा, हेही मेंदूला शिकावे लागते. हलत्या बसमध्ये पुस्तक वाचताना डोळे शरीर स्थिर असल्याचे सांगतात आणि अंतःकर्ण हालचाल होत असल्याचे सांगतो, हे अशा विसंगतीचे नेहमीचे उदाहरण आहे.

अमेरिकेतील ॲन शमवे-कूक आणि मार्जोरी वुलाकॉट यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४ ते ६ वर्षांच्या मुलांचे तोल सावरण्याचे प्रतिसाद अधिक अनियमित असल्याचे आढळले. ७ ते १० वर्षांच्या मुलांचे प्रतिसाद प्रौढांच्या प्रतिसादांच्या बरेच जवळ आलेले होते. पहिली-दुसरीतील मुले आणि चौथी-पाचवीतील मुले यांना एकाच मापाने मोजणे म्हणूनच चुकीचे ठरते.

उंची वेगाने वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण १२ व्या, तर मुलग्यांमध्ये साधारण १४ व्या वर्षाच्या आसपास शिगेला पोहोचतो. या काळात हातपाय थोड्या अवधीत लांब होतात आणि काही मुलांच्या हालचालींत तात्पुरता अवघडलेपणा येतो. हे बहुधा तात्पुरतेच असते.

तोलाचे मोजमाप

प्रयोगशाळेत तोल मोजण्यासाठी दाबमापक फलाट वापरतात. मूल त्यावर उभे राहिले की पावलांखालच्या दाबाचे केंद्र कसे सरकते, त्याची नोंद होते. दाबाचे केंद्र जितके कमी आणि सावकाश सरकते, तितका स्थिर तोल चांगला मानला जातो.

शाळेत किंवा मैदानावर सोप्या चाचण्या वापरल्या जातात. फ्लेमिंगो चाचणीत सुमारे ३ सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवर एका पायावर उभे राहायचे असते. दुसरा पाय गुडघ्यात मागे वाकवून त्याच बाजूच्या हाताने धरायचा असतो. एका मिनिटात तोल किती वेळा गेला, ते मोजतात. युरोपीय देशांतील शालेय मुलांसाठी तयार झालेल्या युरोफिट चाचणीसंचात तिचा समावेश आहे. भारतातील खेलो इंडिया उपक्रमाच्या शालेय तंदुरुस्ती तपासणीतही ५ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी ही चाचणी घेतली जाते.

जर्मनीत कीफार्ड आणि शिलिंग यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या शरीरसमन्वय चाचणीत ६, ४.५ आणि ३ सेंटिमीटर रुंदीच्या तीन पट्ट्यांवरून मुलाला उलटे चालावे लागते. प्रत्येक पट्टीवर तीन वेळा चालायचे आणि प्रत्येक वेळी जास्तीत जास्त ८ पावले मोजायची, अशी पद्धत असल्याने कमाल गुण ७२ होतात. गतिमान तोलासाठी वापरल्या जाणाऱ्या वाय चाचणीत एका पायावर उभे राहून दुसरा पाय तीन दिशांना शक्य तितका लांब न्यायचा असतो. येथे मिळालेले अंतर पायाच्या लांबीच्या टक्केवारीत मांडतात. तसे न केल्यास उंच मुलांना विनाकारण फायदा मिळतो.

वजनाचा परिणाम

मुलांचे वजन योग्य आहे की नाही, हे केवळ किलोग्रॅममध्ये ठरवता येत नाही. त्यासाठी वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा शरीरवस्तुमान निर्देशांक वापरतात. वाढत्या वयात हा निर्देशांक स्वाभाविकपणे बदलत असल्यामुळे त्याची तुलना त्याच वयाच्या व लिंगाच्या मुलांशी केली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १९ वर्षे वयोगटासाठी २००७ साली, तर भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने ५ ते १८ वर्षे वयोगटासाठी २०१५ साली असे वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले.

वजन आणि तोल यांच्या संबंधामागे काही यांत्रिक कारणे आहेत. उभे शरीर हे घोट्यावर टेकलेल्या उलट्या लंबकासारखे असते. ते पुढे कलले की गुरुत्वाकर्षण त्याला आणखी खाली वळवू पाहते. या वळवण्याच्या जोराला परिबल म्हणतात. ३० किलोग्रॅम वजनाच्या मुलाचा गुरुत्वमध्य घोट्यापासून ७० सेंटिमीटर उंचीवर असेल आणि ते ३ अंशांनी पुढे कलले, तर हे परिबल सुमारे ११ न्यूटन-मीटर भरते. तेवढ्याच उंचीच्या ४५ किलोग्रॅम वजनाच्या मुलासाठी ते सुमारे १६ न्यूटन-मीटर होते. शरीर सावरण्यासाठी पोटरीच्या स्नायूंना तेवढा जास्त जोर लावावा लागतो. वाढलेले वजन स्नायूंचे असेल तर त्याबरोबर जोरही वाढतो. ते चरबीचे असेल तर भार वाढतो, पण त्या प्रमाणात जोर वाढत नाही. तोलाच्या दृष्टीने वजनाच्या आकड्याइतकेच त्याच्या घटनेला महत्त्व आहे, ते यामुळे.

जड शरीर हलक्या शरीरापेक्षा वेगाने कलंडते, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. उंची आणि बांधा सारखा असल्यास वजन वाढल्याने कलंडण्याचा वेग वाढत नाही. कारण खाली ओढणारा जोर आणि हालचालीला विरोध करणारे जडत्व ही दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात. वाढते ती सावरण्यासाठी लागणारी ताकद. चरबी पोटाभोवती साठलेली असल्यास गुरुत्वमध्य किंचित पुढे सरकतो आणि पावलाच्या पुढच्या कडेपर्यंतचे अंतर कमी होते. त्यामुळे चुकीला वाव कमी राहतो.

पावलांवरही परिणाम होतो. स्थूल मुलांच्या तळव्याचा अधिक भाग जमिनीला टेकतो आणि पावलाची कमान सपाट दिसते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. तळव्यावर सतत अधिक दाब राहिल्यास तेथील स्पर्शसंवेदनांकडून येणारी माहिती कमी नेमकी होत असावी, असा विचार संशोधकांनी मांडला आहे. चालताना अशी मुले पाय थोडे अधिक फाकवून आणि सावकाश चालतात. एका पायावर भार असण्याचा कालावधी कमी करून दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा कालावधी ती वाढवतात. हा आळशीपणा नसून तोल सुरक्षित ठेवण्यासाठी शरीराने काढलेला मार्ग आहे.

प्रत्यक्ष मोजमापांतूनही असेच चित्र दिसते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, वयात न आलेल्या स्थूल मुलग्यांचे उभे असतानाचे झुलणे, विशेषतः डाव्या-उजव्या बाजूंना, इतर मुलग्यांपेक्षा अधिक आढळले. न्यूझीलंडमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जास्त वजनाच्या मुलग्यांना तोलाच्या मैदानी चाचण्यांमध्ये कमी गुण मिळाले. बेल्जियममध्ये शालेय मुलांवर झालेल्या अभ्यासांत पट्टीवरून उलटे चालण्यासारख्या कामांत स्थूल मुले मागे पडल्याचे दिसले. दोन्ही पायांवर डोळे उघडे ठेवून उभे राहणे यासारख्या सोप्या कामांत फरक कमी दिसतो, तर एका पायावर उभे राहणे, अरुंद पट्टीवर चालणे, डोळे मिटणे अशा अवघड कामांत तो अधिक स्पष्ट होतो.

कमी वजनाची मुले

वजन कमी असणे म्हणजे तोल चांगला असणे, असे समीकरण मांडता येत नाही. पोषण अपुरे असल्यास स्नायू कमकुवत राहतात, रक्तक्षयामुळे मूल लवकर थकते आणि थकलेल्या स्नायूंना शरीर सावरणे जड जाते. भारतात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणानुसार देशातील ५ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे २३ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश होती, तर सुमारे ४ टक्के मुलांचे वजन वाजवीपेक्षा जास्त होते. १० ते १९ वर्षांच्या गटात ही प्रमाणे अनुक्रमे सुमारे २४ आणि ५ टक्के होती. एकाच वर्गात दोन्ही टोकांची मुले असू शकतात आणि दोघांच्या अडचणींची कारणे वेगवेगळी असतात.

दप्तराचे ओझे हे याचे चांगले उदाहरण आहे. पाठीवरच्या ओझ्यामुळे शरीर व दप्तर यांचा एकत्रित गुरुत्वमध्य मागे आणि वर सरकतो, म्हणून मूल पुढे वाकून चालते. ४ किलोग्रॅमचे दप्तर ४० किलोग्रॅम वजनाच्या मुलासाठी एक दशांश भार ठरते. २० किलोग्रॅम वजनाच्या मुलासाठी तोच भार एक पंचमांश होतो. भारतातील २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, अशी मर्यादा सांगितलेली आहे.

मुलगे आणि मुली

प्राथमिक शाळेच्या वयात स्थिर तोलाच्या चाचण्यांत मुली सरासरीने मुलग्यांपेक्षा कमी झुलतात. स्वीडनमध्ये ९ ते १६ वर्षांच्या मुलामुलींवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहान गटातील मुलग्यांचे झुलणे मुलींपेक्षा अधिक आढळले, तर मोठ्या गटात हा फरक उरला नव्हता. म्हणजे मुलगे कायमचे मागे राहत नाहीत. ते त्या टप्प्यावर काहीसे उशिरा पोहोचतात.

या फरकाची काही संभाव्य कारणे सांगितली जातात. मुलींची शारीरिक परिपक्वता मुलग्यांपेक्षा साधारण दोन वर्षे आधी येते. मज्जासंस्थेच्या विकासातही त्या या वयात थोड्या पुढे असतात, असे मानले जाते. स्थिर उभे राहण्याच्या चाचणीत एकाग्रता आणि शांतपणाही लागतो, आणि लहान मुलग्यांची चुळबुळ निकालात उतरू शकते.

पौगंडावस्थेत चित्र बदलते. मुलग्यांमध्ये स्नायूंचे प्रमाण आणि खांद्यांची रुंदी वाढते. मुलींमध्ये चरबीचे प्रमाण व नितंबांची रुंदी वाढते. ज्या कामांत ताकद आणि वेग लागतो, तेथे मुलगे पुढे जाऊ लागतात. उडी मारून एका पायावर उतरताना गुडघा आत वळण्याची प्रवृत्ती या वयात मुलींमध्ये अधिक दिसते. उड्या आणि अचानक वळणे असलेल्या खेळांत गुडघ्याच्या आतील अस्थिबंधाला होणारी इजा मुलींमध्ये अधिक आढळते, त्याचे हे एक कारण मानले जाते. योग्य पद्धतीने उतरण्याचा सराव दिल्यास अशी इजा होण्याचे प्रमाण कमी होते.

लिंगाचा म्हणून दिसणारा फरक पूर्णपणे शरीररचनेतून येतो असेही नाही. ज्या खेळात जो गट अधिक वेळ घालवतो, त्या खेळाला लागणारा तोल त्या गटात अधिक विकसित होतो. जेथे मुलींना मोकळ्या मैदानावर खेळण्याची मुभा वय वाढते तशी कमी होते, तेथे चाचणीतील त्यांचे मागे पडणे हे संधीच्या अभावाचेही मोजमाप असते. दोन्ही गटांतील गुणांचा पल्ला बराचसा सामाईक असतो. कोणत्याही वर्गात सरासरी मुलीपेक्षा चांगला तोल असलेले अनेक मुलगे आणि सरासरी मुलग्यापेक्षा चांगला तोल असलेल्या अनेक मुली सापडतात.

वजन आणि लिंग यांचा एकत्रित विचार

शरीरातील चरबीचे प्रमाण आणि ती साठण्याची जागा मुलगे व मुली यांच्यात वयात येताना वेगळी होत जाते. त्यामुळे सारख्याच शरीरवस्तुमान निर्देशांकाचा तोलावरील परिणाम दोघांत सारखाच असेल, असे गृहीत धरता येत नाही. पोटाभोवती साठलेल्या चरबीमुळे गुरुत्वमध्य पुढे व वर जातो, तर नितंब व मांड्यांभोवतीच्या चरबीमुळे तो खाली राहतो. प्राथमिक वयात हा भेद फारसा नसतो. याविषयीचे निष्कर्ष एकमुखी नाहीत; काही अभ्यासांत जास्त वजनाचा परिणाम मुलग्यांमध्ये अधिक स्पष्ट दिसतो, तर काहींत दोन्ही गटांत तो सारखाच आढळतो. वयोगट, निवडलेली चाचणी आणि उंचीचा हिशेब धरला आहे की नाही, यांनुसार निकाल बदलतात.

कारण आणि परिणाम

जास्त वजन आणि कमी तोल एकत्र आढळतात, यावरून केवळ वजनामुळे तोल बिघडतो असे सिद्ध होत नाही. तोल कमी असल्यामुळे मूल खेळ टाळते आणि त्यामुळे वजन वाढते, असा उलटा संबंधही शक्य आहे. अमेरिकी संशोधक डेव्हिड स्टॉडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली मांडलेल्या प्रतिमानानुसार हालचालींतील कौशल्य, शारीरिक हालचालीचे प्रमाण, स्वतःच्या क्षमतेविषयीची समजूत आणि वजन हे घटक एकमेकांना पुढे ढकलत राहतात. कौशल्य कमी असलेले मूल खेळात मागे पडते. आपल्याला जमत नाही अशी त्याची समजूत होते. ते कडेला बसू लागते. हालचाल कमी झाल्याने वजन वाढते आणि सराव नसल्याने कौशल्य आणखी मागे राहते. लहान वयात हा संबंध क्षीण असतो आणि वय वाढते तसा तो दृढ होत जातो.

या चक्रात इतरांच्या वागण्याचाही वाटा असतो. जाड मुलाला संघात शेवटी घेणे, त्याला गुण मोजायला बसवणे, पडल्यावर हसणे, मुलींना अमुक खेळ जमणार नाही असे सांगणे, यांमुळे ज्या मुलांना सरावाची सर्वांत जास्त गरज असते तीच सरावापासून दूर जातात. पुढच्या चाचणीत त्यांना कमी गुण मिळाले, की आधीची समजूत खरी असल्यासारखी वाटते. त्या गुणांत शरीराचा भाग किती आणि नाकारलेल्या संधीचा किती, हे मात्र वेगळे काढता येत नाही.

पडणे आणि दुखापत

पडताना मूल स्वाभाविकपणे हात पुढे करते, त्यामुळे मनगटाजवळचे हाड मोडणे ही बालवयातील सर्वांत नेहमीची अस्थिभंगाची दुखापत आहे. उंची वेगाने वाढण्याच्या काळात तिचे प्रमाण वाढते. त्या काळात हाडांची लांबी आधी वाढते आणि मजबुती काहीशी मागून येते. जास्त वजनाचे मूल पडले तर मनगटावर येणारा आघातही मोठा असतो. अशा मुलांना पडण्यापासून वाचवण्यासाठी खेळापासून दूर ठेवणे हा उपाय ठरत नाही. सुरक्षित जमिनीवर तोलाचा आणि नीट पडण्याचा सराव मिळाल्यास दुखापतीचा धोका कमी होण्यास मदत होते.

खेळ आणि सराव

वजनाचा तोलावर होणारा परिणाम प्रत्येक खेळात सारखा नसतो. बाहेरून धक्का बसला तर जड शरीर कमी ढळते. कुस्ती किंवा कबड्डीत चढाई करणाऱ्याला रोखताना हा गुण उपयोगी पडतो. कुस्तीत वजनगट ठेवण्यामागे हेही एक कारण आहे. मल्लखांबासारख्या प्रकारात स्वतःचे वजन स्वतःच पेलावे लागत असल्याने हलक्या शरीराला फायदा होतो.

महाराष्ट्रातील अनेक पारंपरिक खेळांत तोलाचा सराव आपोआप घडतो. लंगडीत एका पायावर उड्या मारत गड्यांना बाद करायचे असते. त्यात घोट्याची ताकद आणि गतिमान तोल दोन्ही लागतात. ठिकरीच्या खेळात एका पायावर उभे राहून वाकावे लागते. खो-खोत धावता धावता अचानक दिशा बदलावी लागते. मंगळागौरीच्या खेळांतील फुगडीत दोघी जणी हात धरून, पावले जवळ ठेवून मागे झुकतात आणि गिरक्या घेतात. तेथे दोघींचा मिळून एक गुरुत्वमध्य असतो. एक जण जड असेल तर हलक्या मुलीला अधिक मागे झुकावे लागते आणि एकमेकींच्या वजनाशी जुळवून घेतले तरच फुगडी टिकते. गिरक्यांमुळे अंतःकर्णातील तोलयंत्रणेलाही चालना मिळते.

शाळेत साधनांशिवाय करता येण्याजोगे सराव पुष्कळ आहेत. जमिनीवर आखलेल्या रेषेवर पावलापुढे पाऊल टेकवत चालणे, तशाच रेषेवर उलटे चालणे, एका पायावर उभे राहून चेंडू झेलणे, वृक्षासन, कमी उंचीवरून उडी मारून गुडघे वाकवून उतरणे, हे त्यांपैकी काही होत. अवघडपणा हळूहळू वाढवावा लागतो. आधी दोन पाय मग एक, आधी रुंद पट्टी मग अरुंद, आधी डोळे उघडे मग मिटलेले, असा क्रम ठेवतात. जास्त वजनाच्या मुलांसाठी घोटे, मांड्या आणि पोट-पाठीचे स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामांची जोड उपयुक्त ठरते. वजन कमी होण्याची वाट न पाहताही सरावाने तोल सुधारू शकतो.

मूल्यमापनाचे संकेत

शालेय तपासणीत तोलाचे गुण नोंदवताना काही गोष्टींची काळजी घेणे इष्ट असते. तुलना शक्यतो त्याच वयाच्या मुलांशी करावी. पाय पुढे नेण्याच्या चाचण्यांत पायाच्या लांबीचा हिशेब धरावा. चाचणीआधी एकदोन प्रयत्न करू द्यावेत. सर्व मुलांची चाचणी एकाच प्रकारच्या जमिनीवर, शक्यतो अनवाणी घ्यावी. मुलाचे वजन आणि गुण इतर मुलांसमोर मोठ्याने वाचू नयेत. एका मुलाची या वर्षीची कामगिरी त्याच्याच मागील वर्षीच्या कामगिरीशी ताडून पाहिल्यास प्रगती अधिक नेमकी कळते.

वैद्यकीय सल्ल्याची गरज

तोल कमी असणे हे बहुतेक मुलांत विकासाचा वेग, वजन किंवा सराव यांच्याशी निगडित असते. मात्र पूर्वी नीट चालणारे मूल अचानक अडखळू लागणे, एकाच बाजूला कलणे, चक्कर येणे, ऐकू कमी येणे, सकाळी डोकेदुखी व उलटी होणे, किंवा शिकलेल्या हालचाली विसरणे, ही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांचा सल्ला विनाविलंब घ्यावा लागतो. दृष्टिदोष आणि कानाचे वारंवार होणारे संसर्ग यांमुळेही तोलावर परिणाम होतो. याखेरीज शालेय वयातील सुमारे ५ ते ६ टक्के मुलांमध्ये समन्वयविकासाचा दोष आढळतो. अशी मुले बुद्धीने सर्वसाधारण असूनही बूट बांधणे, सायकल चालवणे, चेंडू झेलणे, नीट लिहिणे अशा कामांत सातत्याने अडखळतात. त्यांना अनेकदा निष्काळजी किंवा धांदरट समजले जाते. दोष वेळीच ओळखला गेल्यास आणि व्यवसायोपचार किंवा भौतिकोपचार तज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळाल्यास दैनंदिन कामांत त्यांची चांगली प्रगती होऊ शकते.